घरातले पाळणाघर आणि सरकारी नियम : मुलुंडहून आलेल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : मुलुंडला ४७५ चौरस फुटांच्या स्वतःच्या वन बीएचकेत चार वर्षे पाळणाघर चालू आहे. मुले नऊ, त्यातली तीन दीड वर्षाच्या आतली. हाताखाली एक पगारी मावशी, गॅलरीत पाळणाघराचा फ्लेक्स. आता सोसायटीने नोटीस दिली आहे की निवासी जागेत धंदा बंद करा. दोन पालक ‘सरकारी रजिस्ट्रेशन’ दाखवा म्हणतात. जवळच्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी करार करायची तयारी दाखवली आहे, पण कागदपत्रांची लांबलचक यादी पाठवली आहे. नेमके कोणते परवाने लागतात, की बंदच करावे?

ताई, बंद करू नका. पण आज जे आणि जसे चालू आहे, त्यात दोन-तीन गोष्टी बदला. त्या कोणत्या आणि का, ते सांगतो.

पालक मागतात तसे ‘पाळणाघराचे सरकारी रजिस्ट्रेशन’ घरगुती खासगी पाळणाघरासाठी महाराष्ट्रात मिळत नाही, कारण त्यासाठी खास परवान्याचा कायदाच नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, तेव्हा अशा कायद्याची मागणी जोरात झाली होती. पाळणाघरांत कॅमेरे वाढले ते त्यानंतर. तेव्हा एखाद्या दारावर ‘रजिस्टर्ड’ लिहिलेले दिसले, तर ते रजिस्ट्रेशन बहुतेक गुमास्त्याच्या (दुकाने कायद्याच्या) पावतीचे किंवा उद्यमचे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या नोंदणीचे असते. ती खरी कागदपत्रे आहेत, पण मुले सांभाळण्याची लायकी त्यांतले एकही तपासत नाही. पालकांना हे सरळ सांगा. खोटा दिलासा देऊन जोडलेले पालक पहिल्याच अडचणीत सोडून जातात.

परवाना नाही म्हणजे नियम नाहीत असे मात्र नाही. दुसऱ्याच कामांसाठी केलेले आठ-दहा कायदे तुमच्या उंबऱ्याला येऊन लागतात आणि प्रत्येकाचे मोजमाप वेगळे. महापालिका जागेचा वापर बघते, महावितरण युनिट मोजते, अन्न विभाग उलाढाल विचारतो, पोक्सोला, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याला, मुलांशी कोणाचा संबंध येतो ते कळायला हवे असते. पाळणाघराच्या मार्गदर्शक सूचना चौरस फूट आणि माणसे मोजतात. घरी पाळणाघर चालवणारी बाई अडकते ती या मोजमापांचा एकमेकांशी मेळ बसत नाही म्हणून.

सगळ्यात मोठी विसंगती मदतनिसाच्या बाबतीत आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत (तिच्या जागी २०१८ मध्ये नवी नियमावली आली) ‘घरगुती व्यवसाय’ म्हणजे काय याची व्याख्या दिलेली होती. त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाने, पगारी माणूस न ठेवता, बाहेरून व्यवसाय दिसेल अशी पाटी न लावता, घरात नेहमी असतात तेवढीच उपकरणे वापरून केलेला, शेजाऱ्यांना धोका नसलेला व्यवसाय. लोकांसाठी खाण्यापिण्याचे ठिकाण चालवणे त्यात बसत नाही. तुम्ही एकट्या चार मुले सांभाळत होतात तेव्हा या व्याख्येत अगदी नीट बसत होतात. मावशी पगारावर आल्या आणि गॅलरीत फ्लेक्स लागला, त्या दिवशी तुमची बाजू पातळ झाली. आता दुसरी बाजू बघा. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रत्येक नियम दुसरा मोठा माणूस मागतो. नऊ मुलांत तीन रांगती असताना एकटीने दार उघडायला जाणेसुद्धा धोक्याचे आहे. म्हणजे जागेचा नियम म्हणतो माणूस ठेवू नका आणि मुलांची काळजी म्हणते ठेवलाच पाहिजे. या दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मावशींना काढू नका. फ्लेक्स काढा आणि मुले कमी करा.

मुले किती ठेवावीत याचा हिशोब कागदावर मांडता येतो. मातृत्व लाभ कायद्याखाली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी आहेत, तुमच्यावर थेट बंधनकारक नाहीत. तरी कंपनी, पालक आणि पुढेमागे होणारा कोणताही नियम यांच्यापुढे मापदंड म्हणून त्याच येणार आहेत, म्हणून आपले घर त्यांच्यावरच मोजून ठेवलेले बरे. त्यांत दर मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा, तीन वर्षांखालच्या दर १० मुलांमागे एक सांभाळणारी आणि तीन वर्षांवरच्या दर २० मुलांमागे एक, शिवाय सोबत मदतनीस असे प्रमाण आहे.

तुमचा हॉल १० बाय १४ धरू. झाले १४० चौरस फूट. दिवाण, टीव्हीचे कपाट, जेवणाचे टेबल यांनी ४५ अडवले तर उरतात ९५. मुलामागे १० ने मोजले तर नऊ मुले बसतात, १२ ने मोजले तर सातच. फर्निचर वजा न करता १४० ला १० ने भागून ‘चौदा मुले चालतात’ म्हणणारे खूप भेटतात, तो हिशोब चुकीचा आहे. मूल ज्या जमिनीवर रांगते तेवढीच जागा मोजायची. स्वयंपाकघर, बाथरूम, गॅलरी त्यात धरायची नाही. आणि माझे स्पष्ट मत असे की १० चौरस फूट हा आकडा झोपेच्या वेळेला पुरत नाही. दोन बाय चार फुटांची एक गादीच ८ चौरस फूट घेते. गाद्या एकमेकींना चिकटल्या की एका मुलाचा खोकला दोन दिवसांत सगळ्यांना होतो, आणि रात्री पालकांचे फोन येतात.

माणसांच्या बाबतीत सूचनांपेक्षा कडक राहा. दहा तान्ह्यांना एक बाई हे प्रमाण कागदावर चालेल, पण इमारतीत धूर झाला तर एका मोठ्या माणसाला दोनच तान्ही उचलता येतात. म्हणून दीड वर्षाच्या आतली मुले घरातल्या मोठ्या माणसांच्या दुपटीहून कधीही जास्त घेऊ नयेत. तुम्ही दोघी आहात, म्हणजे फार तर चार. ही संख्या मावशींच्या सुट्टीच्या दिवशीही तपासायची असते. त्या दिवशी तुम्ही एकट्या आणि तान्ही तीन, म्हणजे एक जास्त. त्यासाठी एक बदली बाई आधीच ठरवून ठेवा, किंवा ‘मदतनीस नसेल त्या दिवशी दीड वर्षाच्या आतली दोनच मुले घेतली जातील’ हे पालकांशी केलेल्या लेखी करारात घाला.

आता पैशांकडे वळू, कारण नियमांचा खरा भार तिथे पडतो. अर्ज आणि शुल्क यांचा खर्च किरकोळ असतो, माणसाचा पगार मोठा असतो. उदाहरणादाखल आकडे घेऊ, तुम्ही तुमचे घाला. नऊ मुले, प्रत्येकी ५,००० म्हणजे ४५,०००. मावशींचे १२,०००, खाऊ-दूध-साबण-वीज ६,०००. हातात २७,०००. आता सात मुले करा, त्यांत दीड वर्षाच्या आतली दोनच, आणि मावशींना सकाळी दहा ते दुपारी चार, म्हणजे तान्ह्यांच्या जेवण-झोपेच्या वेळेपुरते बोलवा. आले ३५,०००, त्यातून मावशींचे ७,५०० आणि बाकी ५,००० गेले, हातात २२,५००. फरक साडेचार हजारांचा. तो सात पालकांवर वाटला तर प्रत्येकी साधारण ६४० रुपये. चार वर्षांत फी वाढवली नसेल तर एवढी वाढ बहुतेक पालक मान्य करतात. उलट बाजूने नऊची बारा करायची म्हटली तर दुसरी पूर्णवेळ बाई लागते. तीन मुलांचे १५,००० येतात, त्यातले १२,००० तिला जातात, खाऊपाणी आणखी दोन हजार. उरलेल्या हजारासाठी जागा, शेजार आणि मनःशांती तिन्ही घालवायची. घरगुती पाळणाघर सहा ते आठ मुलांवर नीट चालते आणि दहा ते पंधराच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांमागे हातात जवळजवळ काही उरत नाही, ते असे. पंधराच्या पुढे जायचे असेल तर सरळ वेगळी व्यावसायिक जागा घ्यावी.

वाढल्यावर आणखी काय जाते तेही बघा. तुमचे घर ५०० चौरस फुटांच्या आतले आहे. मुंबई महापालिकेने १ जानेवारी २०२२ पासून ५०० फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ केला आहे. ही माफी निवासी वापराला आहे. जागेची नोंद अनिवासी झाली तर माफी जाते आणि वरून अनिवासी दर लागतो. विजेचेही तसेच. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्यांना निवासी दरच लागतो, पण महिन्याला ३०० युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिट यांच्या आत वापर असेल तरच. दुपारच्या झोपेला एप्रिल-मे महिन्यात एसी लावला की ३०० सहज ओलांडतात. मागची बारा बिले काढून बेरीज करा. ३,६०० च्या जवळ असाल तर आधी पंखा, जाड पडदे आणि खिडकीला वाळ्याचा पडदा यांवर भागवा.

गॅसबद्दल एक सूचना. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर हा घरच्या स्वयंपाकासाठी आहे, व्यवसायासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा असतो. सात-आठ मुलांचा पूर्ण स्वयंपाक रोज विकायला लागलात तर इथे अडचण येते. सोपा मार्ग हा की जेवणाचा डबा घरून आणायचा आणि तुमच्याकडे फक्त गरम करायचा. याने अन्न विभागाचाही प्रश्न हलका होतो. खाऊ-जेवण तुम्ही शिजवून देत असाल आणि त्याचे पैसे फीमध्ये धरत असाल, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या खाद्यव्यावसायिकाची नोंदणी करून घ्या. १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो, अर्ज ‘फॉसकॉस’ पोर्टलवर होतो. मूल आजारी पडल्यावर आरोप झाला तर ही नोंदणी आणि रोज काय खायला दिले त्याची वही, या दोन गोष्टी उपयोगी पडतात. वही जास्त.

गुमास्ता म्हणजे २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा. त्याआधी सगळ्यांनाच नोंदणी लागायची. या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले आणि फक्त ऑनलाइन सूचना द्यायची सोय ठेवली. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ती द्यायची असते. तुमची राहिली असेल तर आता द्या. लगेच पावती मिळते. ती बँकेत चालू खाते उघडायला चालते. मात्र ही पावती म्हणजे जागा वापरायची परवानगी नव्हे. सोसायटीच्या नोटिशीला उत्तर म्हणून ती चिकटवू नका. उलट त्यातून ‘इथे आस्थापना आहे’ हे तुम्हीच लिहून दिल्यासारखे होते. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. तिच्यासाठी एजंटाला हजार-दोन हजार देणे हा निव्वळ तोटा. जीएसटी २० लाखांच्या आतल्या सेवेला लागत नाही, तुमच्या उलाढालीला त्याचा विचारही नको.

एका शब्दाची काळजी घ्या : ‘नर्सरी’. शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना ऑनलाइन पोर्टलवर नोंद करायला सांगितले आहे. तुम्ही मुलांना गाणी म्हणून दाखवता, रंग देता, त्याने शाळा होत नाही. पण जाहिरातीत ‘प्ले ग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी’ लिहिले, तेवढ्या तासांची वेगळी फी घेतली, की तुम्ही त्या यादीत जाता आणि शाळेच्या अपेक्षा तुमच्यावर येतात. पाळणाघर असाल तर पाळणाघरच म्हणा. मराठीत हा शब्द चांगला रुळलेला आहे आणि त्याचा अर्थ सगळ्यांना नेमका कळतो.

आतापर्यंतचे नियम पैशांचे होते. पुढचे दोन तुरुंगवासाचे आहेत, आणि घरगुती पाळणाघरांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष यांच्याकडेच होते.

पोक्सोच्या २०२० च्या नियमांत, ज्या संस्थेत मुलांशी नियमित संबंध येतो तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी ठरावीक काळाने करावी असे आहे. त्या वाक्यात शाळेच्या जोडीला पाळणाघराचे नाव स्पष्ट आहे. मावशींची पडताळणी पोलिस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून करून घ्या. त्यांचा मूळ गावचा पत्ताही द्या, नुसता मुलुंडचा नको. दर दोन वर्षांनी पुन्हा करा. बदली बाईचीही करा, ती महिन्यातून दोनदाच येत असली तरी. आणि ज्या घरात पाळणाघर चालते तिथे राहणारे मोठे पुरुष, म्हणजे पती, दीर, कॉलेजातला मुलगा, हे कर्मचारी नसले तरी मुलांच्या वावरात असतात. त्यांचीही पडताळणी करून फाइलला लावा. हे कोणावर संशय घेण्यासाठी करायचे नाही. उद्या कोणी बोट दाखवले तर घरच्यांचे रक्षण करणारा तो एकच कागद असेल.

पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तसा संशय आला, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवल्यास एक वर्षापर्यंत. अंघोळ घालताना, कपडे बदलताना तुम्हाला जे दिसते ते डॉक्टरलाही कधी दिसत नाही. पालकांना आधी विचारू, मग बघू, असे करू नका, कारण त्रास घरातूनच होत असेल तर त्या विचारण्याने मूल आणखी अडकते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर लावा.

दुसरा कायदा बाल न्याय अधिनियम २०१५. त्याच्या कलम ७५ प्रमाणे ताब्यातल्या मुलाला मारणे, टाकून देणे, जाणूनबुजून हेळसांड करणे यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांची काळजी ज्या संस्थेवर सोपवली आहे तिथल्या माणसाने ते केले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. ‘एक चापट मारली, त्यात काय’ हे मावशींच्या पिढीला साधे वाटते. कामावर घेताना हे कलम मराठीत वाचून दाखवा आणि ‘समजले’ म्हणून सही घ्या.

कॅमेऱ्याबद्दल. हॉलमध्ये लावा, बाथरूम आणि कपडे बदलायच्या कोपऱ्याकडे त्याचे तोंड नको. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुलांवर माग ठेवायला मनाई करतो, पण त्याच्या २०२५ च्या नियमांत पाळणाघरात मुले सांभाळणाऱ्यांना मुलांच्या सुरक्षिततेपुरती सूट दिलेली आहे. सूट सुरक्षिततेपुरतीच आहे हे लक्षात ठेवा. व्हॉट्सअॅप स्टेटसला मुलांचे फोटो, इन्स्टाग्रामवर वाढदिवसाची रील, पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांचे व्हिडिओ, यांतले काहीच त्यात बसत नाही. फोटोसाठी प्रत्येक पालकाची वेगळी लेखी संमती घ्या, आणि लाइव्ह फीड सगळ्या पालकांना देऊ नका. एका आईला आपले मूल बघायचे असते, पण त्याच चौकटीत इतर सहा जणांची मुले असतात.

आता सोसायटी. नोटिशीला सात दिवसांत लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका. उत्तरात भावना नको, आकडे हवेत. तुम्ही घराच्या मालक आहात आणि तिथेच राहता, म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज तुम्हाला लागत नाही. तो सभासदाने घर भाड्याने दिल्यावर लागतो आणि तोही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. बिलात तो लावला असेल तर तेवढी रक्कम लेखी हरकत घेऊन बाजूला काढा, बाकी मेंटेनन्स मात्र वेळेवर भरा. थकबाकीदार सभासदाची बाजू कोणी ऐकत नाही. सोसायटीच्या उपविधींची प्रत मागून घ्या आणि वापरबदलाबद्दलचा नियम शब्दशः वाचा. नोटिशीत ‘उपविधीप्रमाणे’ लिहिलेले असते, क्रमांक दिलेला नसतो. तो क्रमांक विचारणे हा तुमच्या उत्तराचा पहिला मुद्दा असावा.

दुसरा मुद्दा तक्रार नेमकी कशाची आहे हा. मुलांच्या रडण्याची तक्रार फार कमी वेळा असते. ती असते संध्याकाळी साडेसहाला गेटसमोर दुहेरी लागलेल्या गाड्यांची, जिन्यातल्या चपलांची, लिफ्टमध्ये अडकवून ठेवलेल्या बाबागाडीची, अनोळखी माणसांना वॉचमन अडवतो की नाही याची. यांतले प्रत्येक दुरुस्त करता येते. नेण्याच्या वेळा दहा-दहा मिनिटांच्या अंतराने वाटून द्या. चपला घरात. पालक आणि नेणाऱ्या माणसांची फोटोसह यादी वॉचमनकडे, दर महिन्याला नवी. कमाल मुले सात, वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, रविवारी बंद, बाहेर पाटी नाही, हे सगळे कमिटीला लिहून द्या. आणि ते पाळा, कारण लिहून दिलेली गोष्ट मोडली की पुढच्या सभेत तुमच्या बाजूने बोलणारा माणूसही गप्प बसतो. कमिटीने तरीही हट्ट धरला तर उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि वाद सहकार न्यायालयात नेता येतो. पण तिथे लागणारी वर्षे बघता, गेटवरची गर्दी मोडून काढणे स्वस्त पडते.

भाड्याच्या घरात पाळणाघर चालवणाऱ्या बायकांसाठी इथेच सांगतो. भाडेकरारात बहुधा ‘फक्त निवासासाठी’ असे वाक्य असते. घरमालकाची लेखी संमती घेऊन ती पुढच्या नोंदणीकृत करारातच घालून घ्या. तोंडी ‘चालेल हो’ म्हणालेला मालक सोसायटीचे पत्र आले की माघार घेतो, आणि अकरा महिने संपले की मुलांना घेऊन कुठे जायचे हा प्रश्न उभा राहतो.

याबाबतीत कॅलिफोर्नियाचे उदाहरण माहीत असावे, कारण तिथे अनेक मराठी बायका घरी पाळणाघर चालवतात आणि त्यांचे ऐकून इथे गैरसमज होतात. तिथे परवाना सक्तीचा आहे. बोटांचे ठसे देऊन तपासणी होते, घराची पाहणी होते, छोट्या घरगुती पाळणाघराला सहा ते आठ मुलांची मर्यादा आहे आणि तान्ह्यांचा आकडाही बांधलेला आहे. पण बदल्यात सरकार काय देते तेही बघावे. २०१९ मध्ये झालेल्या आणि २०२० पासून लागू असलेल्या कायद्याने परवानाधारक घरगुती पाळणाघर, अगदी चौदा मुलांचे मोठेसुद्धा, निवासी वापरच मानले जाते. नगरपालिका त्याला वेगळी वापरपरवानगी किंवा धंद्याचा परवाना मागू शकत नाही. नियमही कडक आणि संरक्षणही पक्के, अशी ती जोडी आहे. आपल्याकडे पाळणाघराचा कायदा कधी आला तर बायकांनी मागायची गोष्ट हीच : पडताळणी करा, घर मोजा, मुलांची मर्यादा ठरवा, पण त्या मर्यादेत राहणाऱ्या घराला निवासी म्हणा आणि एका मदतनिसाला परवानगी द्या. नुसती पहिली बाजू आली तर बायका पाट्या काढतील, पडदे ओढतील आणि कोणालाही न सांगता मुले सांभाळतील. मुलांना सगळ्यात जास्त धोका त्या बंद पडद्यामागे आहे.

शेवटी कंपनीचा करार. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही सोय आहे, आणि ती स्वतः न उभारता दुसऱ्याच्या सामाईक पाळणाघरातून द्यायची मुभाही आहे. खासगी पाळणाघरही त्यात चालते. तुमच्याकडे विचारणा आली ती यामुळे.

पण करार करण्याआधी तीन गोष्टी तपासा. आईला दिवसातून चारदा येता येईल एवढ्या अंतरावर तुमचे घर आहे का? नसेल तर ती मुभा कागदावरच राहील. कंपनी ‘जागा राखून ठेवा’ म्हणते, तेव्हा रिकाम्या जागेचे पैसे देते का? सातपैकी तीन जागा राखल्या आणि मूल एकच आले तर तुमचा महिना बुडतो, म्हणून राखीव जागेची किमान अर्धी फी करारात घाला. आणि तिसरे, करारात सगळी नुकसानभरपाईची जबाबदारी तुमच्या एकटीवर टाकणारे कलम असते. ते तसेच सही करू नका. आधी सार्वजनिक दायित्व विमा घ्या आणि जबाबदारी विम्याच्या रकमेपुरती मर्यादित करून घ्या. घराचा साधा विमा असेल तर तो पाळणाघरातल्या अपघाताला चालेल असे धरून चालू नका, विमा कंपनीला घरातला व्यवसाय लेखी कळवा.

करार करणाऱ्या कंपनीच्या यादीतली बहुतेक कागदपत्रे वर येऊन गेली आहेत. राहिलेल्यांत आगीचे साहित्य आहे : आयएसआय चिन्हाचा एबीसी पावडरचा अग्निशामक मुख्य दाराजवळ, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. स्वयंपाकघरात तो लावू नका, आग तिथेच लागली तर हाती येत नाही. खिडक्यांना ग्रिल असेलच, पण त्यातला एक भाग उघडणारा हवा आणि त्याची किल्ली मुलांच्या हाताबाहेर, पण मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा खिळ्यावर हवी. कंपनीने ‘पाळणाघराचा परवाना’ असा रकाना ठेवला असेल तर तिथे गुमास्त्याचा क्रमांक भरू नका. ‘घरगुती पाळणाघरासाठी राज्यात स्वतंत्र परवान्याची तरतूद नाही, सूचना पावती, अन्न नोंदणी आणि पोलिस पडताळणी सोबत जोडली आहे’ असे लिहा. आणि सोसायटीचा प्रश्न मिटून त्यांचे पत्र हातात येईपर्यंत कंपनीकडून आगाऊ रक्कम घेऊ नका. मुले मात्र आजच सातवर आणायला सुरुवात करा. ज्या दोन कुटुंबांना नाही म्हणावे लागेल त्यांना महिन्याची मुदत द्या, आणि जवळचे दुसरे घर शोधायला मदत करा.